सीमाभागातलं विद्यापीठ आणि दिव्यांग विद्यार्थी: रॅम्पपासून रायटरपर्यंत

बेळगाव, निपाणी, खानापुरातल्या बहुतेक कॉलेजांत आता पायऱ्यांशेजारी रॅम्प दिसतो. स्टीलचा कठडा असतो आणि निळ्या पाटीवर व्हीलचेअरचं चित्र. यातले बरेचसे रॅम्प २०१७ नंतरचे आहेत. त्याला दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा जेवढा कारणीभूत आहे, तेवढंच कॉलेजांना दर्जा देणाऱ्या ‘नॅक’चं मूल्यांकनही. २०१७ पासूनच्या मूल्यांकनात अडथळामुक्त परिसर हा वेगळा मुद्दा आला. रॅम्प किंवा लिफ्ट, योग्य स्वच्छतागृह, दिशादर्शक पाट्या, वाचनाची उपकरणं, मदतीला माणूस आणि परीक्षेत सांगितलेली उत्तरं लिहून घेणारा लेखनिक, यांपैकी किती सोयी आहेत त्यावर गुण मिळू लागले. पुरावा म्हणून जिओटॅग केलेला फोटो जोडायचा. लेखनिकाचा फोटो काढून काय दाखवणार? रॅम्पचा झकास येतो. पीअर टीम, म्हणजे मूल्यांकनाची तपासणी समिती, यायच्या महिनाभर आधी सिमेंट ओतायचं हे तेव्हापासून ठरूनच गेलं.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे. १ फूट चढायला १२ फूट लांबी. जुन्या इमारतीचं जोतं ३ फूट असेल तर रॅम्प ३६ फुटांचा हवा, शिवाय मध्ये दम खायला सपाट टप्पा आणि दोन उंचींवर कठडे. पोर्चसमोर एवढी जागा मोकळी सोडलेली नसते, तिथे दुचाक्या लागतात. मग पायऱ्यांच्याच मापात उतार काढला जातो आणि त्यावर गुळगुळीत ग्रॅनाइट बसतं. जूनमध्ये बेळगावचा पाऊस लागला की पंधरवड्यात त्यावर शेवाळ धरतं, आणि धडधाकट मुलंसुद्धा बाजूच्या पायऱ्यांनी जातात. व्हीलचेअरवरच्या मुलाला चौघं उचलून वर नेतात. फोटोत यातलं काही दिसत नाही.

आधीच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तेव्हा कोणी हा विचारच करत नव्हतं. १९५६ पर्यंत जिल्हा मुंबई राज्यात होता. तेव्हा आणि त्यानंतरही बराच काळ इथल्या मुलांसाठी पदव्युत्तर शिक्षण म्हणजे धारवाड. १९४९ साली स्थापन झालेल्या तिथल्या विद्यापीठाचा कॅम्पस छोट्या महाबळेश्वर टेकडीवर आहे. १९६२ नंतर कोल्हापूरचा पर्याय आला आणि मराठीतून शिकणारे तिकडे वळले. २०१० मध्ये बेळगाव, विजापूर आणि बागलकोट या तीन जिल्ह्यांसाठी वेगळं राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, तेही शहरात नव्हे, तर भुतरामहट्टीला, पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला. घर ते बसस्टँड, बसस्टँड ते महामार्गावरचा थांबा आणि थांबा ते विभाग, असे प्रवासाचे तीन तुकडे. कॅम्पसच्या आतले रॅम्प फक्त शेवटच्या तुकड्याला उपयोगी पडतात.

कायद्याचा इतिहास वाचकांना साधारण माहीत असतो, त्यामुळे थोडक्यात. दिव्यांगांसाठीचा १९९५ चा कायदा १९९६ च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि सरकारी व अनुदानित संस्थांत ३ टक्के जागा राखीव होत्या. इमारतींबाबतच्या कलमांत मात्र एक शब्दयोजना होती, आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत. वीस वर्षं रॅम्प झाले नाहीत ते या ओळीमुळे. कुठल्या संस्थेची आर्थिक कुवत कधी पुरेशी असते? पुढे भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार २००७ मध्ये मान्य केला, त्यातून २०१६ चा कायदा आला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रकार २१ झाले, उच्च शिक्षणातल्या जागा ५ टक्के झाल्या, वयात ५ वर्षांची सूट आली. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून ५ वर्षांची मुदत दिली गेली. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ ला संपली. त्या तारखेची आठवण इथल्या किती इमारतींना आहे हे वरच्या मजल्यावरच्या ग्रंथालयांना विचारावं.

पण बेळगावपट्ट्यात खरा घोळ रॅम्पचा नाही, रायटरचा आहे. सरकारी कागदात त्याला लेखनिक म्हणतात, मुलं रायटरच म्हणतात. या प्रश्नाचा इतिहास जेमतेम दहा-बारा वर्षांचा आहे आणि प्रत्येक वळणाचा इथे वेगळा परिणाम झाला.

२६ फेब्रुवारी २०१३ ला केंद्र सरकारने परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या आजही वाचल्या तर आश्चर्य वाटतं, इतक्या मोकळ्या होत्या. लेखनिकाचं शिक्षण, गुण, वय यावर अट घालू नका, त्यापेक्षा पर्यवेक्षण कडक करा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तासाला किमान २० मिनिटं जादा. लेखनिक स्वतःचा आणायचा की परीक्षा घेणाऱ्यांकडून मागायचा हे विद्यार्थ्याने ठरवावं. आणि सीमाभागाच्या दृष्टीने सगळ्यात कामाची ओळ: वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषांच्या पेपरांना, वेगवेगळे लेखनिक घ्यायला परवानगी असावी.

ही ओळ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बेळगाव नसणार, पण ती इथल्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. इथल्या बी.ए.च्या दृष्टिहीन मुलीचं वेळापत्रक बघा. सोमवारी मराठी, बुधवारी कन्नड, शुक्रवारी इंग्रजी, पुढच्या आठवड्यात इतिहास. ही चारही पेपरं सांगितल्या वेगाने, शुद्धलेखनासकट लिहू शकेल असा एक माणूस शोधून दाखवा. कन्नड शाळेतून आलेला मुलगा देवनागरी हिंदीपुरती लिहितो. तिने सांगितलेला ‘ज्ञानेश्वरीतील दृष्टान्त’ तो कसा उतरवेल हे त्याच्या हिंदीच्या मास्तरांवर अवलंबून. मराठी शाळेतल्या मुलीला कन्नड वाचता येतं, पण अडीच-तीन तास सलग लिहायचं म्हणजे हात भरून येतो.

२९ ऑगस्ट २०१८ ला सूचना बदलल्या. बऱ्याच गोष्टी कायम राहिल्या, पण स्वतःचा लेखनिक आणायचा असेल तर त्याचं शिक्षण उमेदवाराच्या पात्रतेपेक्षा एक पायरी खाली असावं, अशी अट आली. हेतू उघड होता. रायटरच्या नावाखाली हुशार माणूस बसवून पेपर सोडवून घेण्याचा संशय. संशय अगदीच निराधार होता असंही नाही. पण ‘एक पायरी खाली’ म्हणजे कुठे, यावरून परीक्षा केंद्राकेंद्रांवर जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या मुलीची पात्रता काय धरायची? तिच्या हातात आहे ती पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली बारावी. शिकते आहे ती पदवी. हातातली पात्रता धरली तर रायटर एसएसएलसीवाला, म्हणजे दहावी झालेला हवा. शिकते आहे ती धरली तर पीयूसीवाला चालेल. एका केंद्रावर एक अर्थ, पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रावर दुसरा. सीमाभागात याला आणखी एक पीळ आहे. इथे मराठी माध्यम दहावीपर्यंत मिळतं. पुढे पीयूसीला माध्यम इंग्रजी किंवा कन्नड. मराठी राहिली तर एका भाषाविषयापुरती. म्हणजे दहावी झालेल्या मुलाचा मराठी हात ताजा असतो, पण पदवीच्या पेपरातले शब्द त्याने ऐकलेले नसतात. पीयूसी झालेल्याला शब्द कळतात, पण दोन वर्षांत देवनागरीचा सराव सुटलेला असतो. मराठी एम.ए.ला तर रायटर शोधणं म्हणजे लग्नाचं स्थळ शोधण्यापेक्षा अवघड. गावातला जो मुलगा सफाईदार मराठी लिहितो, तो नेमका मराठीच एम.ए. करत असतो आणि म्हणून नियमात बसत नाही.

यावर परीक्षा विभागांचं उत्तर असतं, आमच्याकडे मागा, आम्ही देऊ. मागितलं की मिळतोही, पण जो मिळतो तो केंद्रावर उपलब्ध असलेला, म्हणजे बहुधा कन्नड लिहिणारा. २०१३ ची भाषांच्या पेपरांची ओळ २०१८ मध्येही होती, एका विषयाला एकच लेखनिक एवढीच भर पडली होती. तरी हॉलतिकिटाबरोबरच्या अर्जात रायटरच्या नावासाठी रकाना एकच, आणि एकदा नाव भरलं की सगळ्या पेपरांना तोच. नियम आणि अर्जाचा नमुना यांच्यातली ही फट बुजवायला कोर्टात जावं लागत नाही; एक रकाना वाढवला तरी पुरे.

न्याय्य म्हणून हेही सांगायला हवं की सीमेपलीकडे जत किंवा अक्कलकोटच्या कन्नड शाळेतून आलेल्या दृष्टिहीन मुलाचं दुःख हेच आहे, फक्त भाषा उलट्या. त्याबद्दल सीमाप्रश्नावर बोलणारी मंडळी दोन्हीकडे गप्प असतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठं वळण दिलं. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या आत. न्यायालयाने म्हटलं, ४० टक्क्यांची रेघ आरक्षणासाठी आहे, परीक्षेतल्या सोयीसाठी नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना आल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने हा भेदच ठेवू नका असं सांगितलं. हे निकाल भरती परीक्षा आणि बँकांच्या परीक्षांतून आले. विद्यापीठाच्या सत्र परीक्षेला बसणारा खानापूरचा मुलगा त्यांच्या झेरॉक्स घेऊन केंद्रप्रमुखाकडे जातो तेव्हा ‘आम्हाला वरून सर्क्युलर नाही’ हे उत्तर मिळतं. सर्क्युलर आलं तरी कन्नडमध्ये, आणि स्कॅन करून. चित्राच्या स्वरूपातल्या पीडीएफवर स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, काही बोलत नाही. युनिकोडच्या आधीच्या जुन्या नुडी या कन्नड फाँटमध्ये टाइप केलेलं असेल तर बोलतो, पण काय बोलतो ते त्यालाच ठाऊक. मराठीकडेही हीच रड आहे, श्रीलिपीत टाइप केलेल्या नोट्सची.

लिपीचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. भारतीय भाषांसाठीचं समान ब्रेल १९५१ मध्ये ठरलं, त्यात ध्वनी तोच तर ठिपके तेच. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ बोटाखाली एकच लागतात, १ आणि ३ क्रमांकाचे ठिपके. ज्या राज्यात २०२४ पासून पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम आहे आणि ज्या शहरात पाट्यांवरून दर थोड्या दिवसांनी वातावरण तापतं, तिथे लिफ्टच्या बटणाशेजारची ब्रेल पट्टी ही बहुधा एकमेव पाटी, जिच्या लिपीवरून भांडायला जागा नाही. बसवतं कोण, हा वेगळा प्रश्न.

प्रमाणपत्राचाही इथे स्थानिक गुंता आहे. निपाणी-चिकोडीकडचा माणूस उपचाराला कोल्हापूरला जातो, अथणी-कागवाडकडचा मिरजेला. तिथल्या सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षं फाइल असते. २०१७ चे नियम सांगतात, प्रमाणपत्रासाठी अर्ज राहत्या जिल्ह्यात करा किंवा जिथे उपचार चालले त्या सरकारी दवाखान्यात करा. कायदा सांगतो, प्रमाणपत्र देशभर चालेल. प्रवेशाच्या खिडकीवर मात्र महाराष्ट्राचा शिक्का दिसला की ‘बेळगावचं आणा’ म्हणतात. बेळगावच्या सिव्हिलमध्ये पुन्हा बोर्ड, पुन्हा तारीख, तोवर ५ टक्क्यांतली जागा ‘उमेदवार नाही’ म्हणून सर्वसाधारण यादीत गेलेली. आणि नंतर आकडेवारी सांगते की दिव्यांग मुलं येतच नाहीत.

इमारतींच्या बाजूने मात्र अलीकडे दोर आवळला गेला आहे. १५ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल एकाच दिवशी आले. एक सार्वजनिक जागांच्या सुगमतेचा, २००५ च्या याचिकेवरचा. दुसरा उच्च शिक्षणसंस्थांचा, राखीव जागा भरा आणि दरवर्षी किती मुलं घेतली ते कळवा असं सांगणारा. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांसाठी सुगमतेची वेगळी मार्गदर्शिका काढली; ती चांगली आहे, अगदी स्वच्छतागृहातल्या दांड्यापर्यंत जाते, पण शेवटी मार्गदर्शिकाच. मग ८ नोव्हेंबर २०२४ ला त्याच २००५ च्या प्रकरणात न्यायालयाने २०१७ च्या नियमांमधला सुगमतेचा नियमच कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा ‘करा’ म्हणतो आणि नियम ‘केलंत तर बरं’ म्हणणाऱ्या मार्गदर्शिकांकडे बोट दाखवतात, हा आक्षेप. सक्तीची मानकं तीन महिन्यांत ठरवायला केंद्राला सांगितलं गेलं.

हे सगळं चाललेलं असताना विद्यापीठाच्या नव्या कॅम्पसचं काम हिरेबागेवाडीला सुरू झालं. जुन्या इमारतीला रॅम्प चिकटवणं आणि नवी इमारत मुळातच सपाट दारांची बांधणं यात खर्चाचा जमीनअस्मानाचा फरक असतो. २०१६ च्या कायद्यानुसार मानकं न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगी देता येत नाही आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखलाही देता येत नाही. त्यामुळे तिथल्या दारांची रुंदी, लिफ्ट, स्वच्छतागृहं यांची तपासणी निदान एकदा तरी कागदावर होईल. बसथांब्यापासून फाटकापर्यंतचा रस्ता त्या आराखड्यात येत नाही. तो दुसऱ्या खात्याचा. मराठी पेपरांसाठी लेखनिकांची यादी कुठल्याच खात्याची नाही, ती अजूनही त्या त्या विभागातल्या मराठीच्या मास्तरांच्या फोनमध्येच असते.