अदलाबदलीच्या बियांतून आलेले आयरिस ओळखणं

युरोप-अमेरिकेत आयरिस या फुलझाडाच्या जंगली जाती वाढवणारे हौशी लोक एकमेकांना बी देतात-घेतात, ब्रिटिश आयरिस सोसायटी आणि उत्तर अमेरिकेतला सिग्ना हा गट दोघंही अशी देवाणघेवाण चालवतात. पाकिटावरचं नाव मात्र देणाऱ्याने लिहिलेलं असतं, म्हणून फूल येईपर्यंत तो अंदाजच समजायचा. बऱ्याच जातींच्या बियांना उगवायला आधी ओलसर थंडी लागते आणि फुलायला पुढे दोन-तीन वर्षं जातात, म्हणजे वाट बघणं आलंच.

सगळा घोळ करतात त्या मधमाश्या. बागेत जवळच्या जाती शेजारी शेजारी असल्या की संकर होणारच. सायबेरियन आयरिसमध्ये दोन गट आहेत, सिबिरिका, सँग्विनिया या जातींचा 28 गुणसूत्रांचा, तर क्रायसोग्राफिस, फॉरेस्टी, क्लार्की वगैरे जातींचा 40 गुणसूत्रांचा, आणि आपापल्या गटात बी पटकन धरतं पण दोन गटांत सहसा नाही. कॅलिफोर्निया-ओरेगॉनकडच्या पॅसिफिक कोस्ट आयरिसचं तर विचारूच नका, ते जंगलातसुद्धा एकमेकांत मिसळतात.

ओळखताना रंगावर अजिबात जायचं नाही, निळा-जांभळा रंग अर्ध्या आयरिसना असतो. दांडा बघा, कळीवरचं आवरण बघा, बोंड आणि बी बघा. सिबिरिकाचा दांडा पानांच्या बराच वर जातो, त्याला फांद्या फुटतात आणि फूल उमलताना आवरण तपकिरी, कागदासारखं वाळलेलं असतं. सँग्विनियाला फांदी नसते आणि आवरण हिरवं-लालसर राहतं. दोन्ही खुणा अर्धवट दिसल्या तर संकर समजा. दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या क्लार्कीचा दांडा भरीव असतो, बाकीच्या सायबेरियन आयरिसचा पोकळ, त्यामुळे दांडा आडवा कापला की काम झालं. आता सायबेरियनबाहेरच्या जाती: एन्साटाच्या पानावर मधली शीर उठून दिसते, लेव्हिगाटाच्या दिसत नाही, इथे फुलाचीही गरज नाही. सेटोसाच्या उभ्या पाकळ्या काट्याएवढ्याच असतात, त्या चांगल्या मोठ्या आल्या तर पाकिटावरचं नाव खोडा. फोएटिडिसिमाचं पान चुरगळलं की उग्र वास येतो आणि बोंड उकललं की शेंदरी बी लटकतं, यात चुकायला वावच नाही.

काळ्याभोर मण्यांसारखं बी आलं तर डोमेस्टिका असणार, ती 2005 मध्ये आयरिसमध्ये धरली गेली पण कित्येक पाकिटांवर अजून बेलमकँडा हे जुनं नावच लिहिलेलं असतं. जंगलातून गोळा केलेलं किंवा फूल झाकून हाताने परागण केलेलं बी त्यातल्या त्यात भरवशाचं.