गिथॉर्न : 'रस्ते नसलेलं गाव' मुळात झालं कसं?

व्हॉट्सअॅपवर दर दोन-चार महिन्यांनी तो व्हिडिओ फिरत येतो, गवताने शाकारलेली घरं, दारात कालवा, लाकडी पूल, आणि खाली ओळ की "या गावात एकही रस्ता नाही, सगळे बोटीनेच फिरतात". गाव खरं आहे, नेदरलँड्सच्या ओव्हरआयसल प्रांतातलं गिथॉर्न, लोकसंख्या जेमतेम अडीच-तीन हजार. रस्ता नाही हे मात्र अर्धंच खरं. जुन्या गावात गाडी जात नाही, पण शेजारूनच चांगला डांबरी हायवे गेलाय आणि टुरिस्टांच्या बसेस तिथेच येऊन थांबतात. बरं ते असू दे. मला जास्त खटकतं ते हे की लोकांना वाटतं कुणीतरी हौसेने, सुंदर दिसावं म्हणून हे कालवे काढले असतील. ते खरं तर इंधन खणून नेल्यावर उरलेले खड्डे आणि ते इंधन वाहून न्यायच्या वाटा आहेत.

हा सगळा भाग दलदलीचा. हजारो वर्षं पाण्यात नीट न कुजता साचलेल्या झाडापाल्याचे थर म्हणजे पीट, ते वाळवलं की छान जळतं, आपल्या गोवऱ्यांसारखंच समजा. तेराव्या शतकाच्या आसपास इथे लोक येऊन राहिले, आणि म्हणे खणताना त्यांना बकऱ्यांची ढीगभर शिंगं सापडली, ११७० च्या महापुरात बुडून मेलेल्या जनावरांची. डचमध्ये बकरीला 'खेइट' आणि शिंगाला 'होर्न' म्हणतात, त्यावरून गावाला नाव पडलं. दंतकथाच म्हणा, पण गावकऱ्यांना फार प्रिय आहे.

वरचं पीट संपलं तसे लोक पाण्याखालचं काढायला लागले. लांब काठीला जाळी लावलेलं एक अवजार असायचं, होडीत नाहीतर काठावर उभं राहून त्याने तळातला काळा चिखल ओढून काढायचा, पाणी घालून कालवायचा, मग शेजारच्या अरुंद जमिनीच्या पट्टीवर पसरायचा, थोडा सुकला की पायाला लाकडी फळ्या बांधून त्यावर चालून चालून तो दाबायचा, मग विटांसारखे तुकडे कापून रचून ठेवायचे. बायकापोरंसुद्धा या कामात असायची. हा माल होड्यांनी झाउडरझे या आतल्या समुद्राच्या बंदरांपर्यंत आणि तिथून हॉलंडच्या शहरांत जायचा, तिथल्या चुली आणि भट्ट्या यावरच पेटायच्या.

आता यात मेख अशी की माल वाळवायला पट्टी तर ठेवावीच लागते, पण पट्टी ठेवली म्हणजे तिच्याखालचं पीट वाया गेलं. मग हाव सुटली, पट्ट्या बारीक होत गेल्या आणि खड्डे रुंद. वादळात त्या बारीक पट्ट्या टिकणार कशा? १७७५ आणि १७७६ साली लागोपाठ पूर आले, पट्ट्या वाहून गेल्या, खड्ड्याला खड्डा मिळून मोठाले तलाव झाले, आणि जवळचं ब्यूलाके नावाचं आख्खं गाव पाण्यात गेलं. आज त्या जागी ब्यूलाकरवेइडे तलाव आहे, लोक तिथे शिडाच्या होड्या चालवतात. १८२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा समुद्र आत आला, शेकडो माणसं गेली. उत्तरेचा वेअररिबन हा भाग नंतर खणला गेला, तोवर पट्टीच्या रुंदीचे नियम आलेले, म्हणून तिथे पट्टी-खड्डा-पट्टी अशी रचना वरून अजून कंगव्यासारखी दिसते.

गिथॉर्नमध्ये मग उरलं काय, तर पाण्यातली छोटी छोटी बेटं आणि त्यावर घरं. लोक गाईगुरं आणि लव्हाळ्याकडे वळले. चाऱ्याचे भारे होडीतून यायचे, गाई होडीतून कुरणावर जायच्या, नवरी होडीतून आणि शेवटची यात्राही होडीतूनच. ही होडी म्हणजे 'पुंटर', अरुंद, लाकडी, लांब बांबूसारख्या काठीने ढकलायची. चारा वाढला तशी मागची गोठ्याची बाजू उंच करत गेले, त्यामुळे छप्पर उंटाच्या पाठीसारखं दिसतं आणि त्याला तिकडे उंटाचं छप्परच म्हणतात! पौणेदोनशेच्या आसपास पूल आहेत, ते बरेचसे एकेका घराचे खासगी आहेत. पर्यटक बिनधास्त चढतात आणि आतले आजी-आजोबा वैतागतात, साहजिक आहे.

बाहेरच्या जगाला गाव कळलं ते १९५८ मध्ये, बर्ट हान्स्ट्राच्या 'फॅनफेअर' या सिनेमामुळे. एका गावातल्या बँडची फाटाफूट, धमाल गोष्ट, नेदरलँड्समध्ये तुफान चालला आणि त्याचं शूटिंग इथे झालेलं. मग गर्दी सुरू झाली ती थांबलीच नाही. तोवर समुद्रही लांब गेला होता, १९३२ ला मोठा बांध घालून झाउडरझेचं गोड्या पाण्याचं सरोवर केलं आणि १९४२ पर्यंत पश्चिमेला आख्खा नवा पोल्डर, म्हणजे बांध घालून पाण्यातून काढलेली जमीन, कोरडा झाला.

आजूबाजूचा पट्टा आता वेअररिबन-वीडन नॅशनल पार्क आहे, सुमारे दहा हजार हेक्टर. लाल-केशरी पंखांच्या एका मोठ्या फुलपाखराची डच उपजात जगात फक्त इथे आणि आसपासच्या काही दलदलींतच उरलीय. आणि हे 'नैसर्गिक' जंगलही माणसानेच धरून ठेवलंय बरं का, दर हिवाळ्यात लव्हाळं कापतात, तेच पुढे छपरावर चढतं. कापणं बंद केलं तर खड्डे हळूहळू भरतात, आधी शेवाळ, मग झुडपं, मग झाडं, आणि पाणी गायब.