जुनी नोंद ‘जीर्ण’ निघाली तर: नाशिकमध्ये नक्कल, फिल्म आणि अर्ज

‘अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही.’ अर्जावर हा शेरा पडला की बहुतेक माणसं सीबीएसवरून, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बस स्थानकावरून, बस धरतात आणि गावी परततात. परतायची घाई करू नका. रजिस्टर फाटलं, वाळवीनं खाल्लं, तरी नोंद आणखी कुठे तरी असू शकते. कधी तिचा फोटो मायक्रोफिल्मवर असतो, कधी स्कॅन केलेली प्रत असते, कधी दुसऱ्याच खात्यात त्याच गोष्टीची दुसरी नोंद असते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ मध्ये ‘अभिलेख’ या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात दस्तऐवज, हस्तलिखित, फाइल यांच्या जोडीला मायक्रोफिल्म, मायक्रोफिश (रिळाऐवजी सपाट पत्र्यासारखी फिल्म) आणि त्यांवरून मोठी करून काढलेली प्रतही येते. म्हणजे फिल्मवरची नोंद हीसुद्धा नोंदच. ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. फक्त अर्जात ती तशी मागावी लागते.

आधी फिल्मची थोडी ओळख करून घेऊ, कारण काउंटरवर काय विचारायचं हे त्यावर ठरतं.

मायक्रोफिल्म म्हणजे पानाचा अगदी लहान करून घेतलेला फोटो. चोवीसपट लहान केला तर ए-फोर आकाराचं २९७ मिलिमीटर उंचीचं पान जेमतेम १२ मिलिमीटरचं होतं. पत्रव्यवहार आणि सुटे कागद बहुधा १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर घेतात. मोठी रजिस्टरं आणि नकाशे ३५ मिलिमीटरवर. १६ मिलिमीटरच्या साडेतीस मीटर लांब रिळावर अडीच हजारांच्या आसपास पानं बसतात. कपाटभर बाडं एका खणात मावतात ती अशी. पॉलिएस्टर पट्टीवरची चांदीयुक्त काळी-पांढरी फिल्म नीट धुतली आणि थंड, कोरड्या जागी ठेवली, तर ती पाचशे वर्षं टिकावी असं आंतरराष्ट्रीय मानकं धरून चालतात. अट एवढीच की खोलीचं तापमान साधारण २१ अंशांच्या वर जाऊ नये आणि दमटपणा आटोक्यात राहावा. इगतपुरीच्या पावसात उघड्या खिडकीची खोली या कामाची नाही, हे वेगळं सांगायला नको. जुनी ॲसिटेटची फिल्म दमटपणात खराब व्हायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास आला की डब्यातली शेजारची रिळंही धोक्यात असतात.

‘स्कॅन आहे ना, मग फिल्म कशाला?’ असं कुणीही विचारेल. स्कॅनची फाइल उघडायला चालू संगणक लागतो, योग्य प्रणाली लागते आणि दर काही वर्षांनी सगळं नव्या जागी हलवावं लागतं. फिल्म वाचायला उजेड आणि भिंग पुरतं. शोधायला स्कॅन बरा, जपायला फिल्म बरी. म्हणून शहाणी दफ्तरं दोन्ही ठेवतात आणि फिल्मवरूनच स्कॅन काढतात. मूळ फिल्म, म्हणजे मास्टर, कपाटातून सहसा निघत नाही. वाचकाला दिसते ती तिच्यावरून काढलेली वापराची प्रत.

तरी फिल्मला मूळ कागदाची सर नाही. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर शाईचा रंग जातो. फेरफार रजिस्टरात, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल लिहितात त्या रजिस्टरात, तांबड्या शाईचा शेरा आणि काळ्या शाईची नोंद शेजारी शेजारी असतील, तर फिल्मवर दोन्ही सारखीच काळी दिसतात. मागून कुणी निळ्या शाईनं नाव घुसवलं असेल तर तेही कळत नाही. जाड बांधणीचं रजिस्टर न उसवता फोटो घेतला असेल, तर शिवणीकडची अक्षरं दुमडीत जातात. तुमचा वाद नेमका खाडाखोडीवरच असेल, तर फिल्मच्या प्रतीवर समाधान मानू नका. मूळ रजिस्टर पाहायची परवानगी मागा, भले ते चाळता येण्याच्या स्थितीत नसो. आणि रिळात एखादं पान सुटलेलं दिसलं तर रिळाचा शेवट बघायला सांगा. चुकलेली पानं पुन्हा घेऊन तिथे जोडायची पद्धत असते.

आता अर्ज कुठे करायचा. निम्मी पायपीट इथेच होते.

जुने सातबारे, फेरफार आणि गाव नमुना १४, म्हणजे जातीसह जन्ममृत्यू लिहिलेलं, लोकांच्या तोंडचं कोतवाल बुक, यांच्यासाठी आधी तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष गाठा. इनाम, वतन, बिनशेती आणि अपिलांच्या जुन्या फायलींसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाचा. टिपण (मोजणीचं मूळ रेखाटन), फाळणी नकाशा (पोटहिश्शांचा), आकारफोड (हिश्शांवर शेतसारा वाटल्याचा तक्ता), एकत्रीकरण योजनेचे (विखुरलेले तुकडे जोडून गट पाडण्याच्या) उतारे हे सगळं उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे. खरेदीखत, गहाणखत दुय्यम निबंधकाकडे. जन्ममृत्यू नोंद महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर (प्रवेशाच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदी) मुख्याध्यापकांकडे. पेशवाईतला कागद शोधत असाल तर थेट पुणे पुराभिलेखागार, आणि मुंबई इलाख्याच्या सचिवालयाचं दफ्तर हवं असेल तर मुंबईचं पुराभिलेख संचालनालय.

नाशिककरांनी एक गोष्ट डोक्यात ठेवावी. आजचा जिल्हा १८६९ चा. त्याआधी मालेगाव, बागलाण, नांदगाव ही गावं खानदेशात मोडत आणि नाशिक, सिन्नर, निफाड, येवला हा भाग अहमदनगरकडे होता. फार जुन्या नोंदीचा माग तिकडे जातो तो यामुळे. अलीकडच्या काळातही असंच झालं. त्र्यंबकेश्वर आणि देवळा हे तालुके नंतर वेगळे निघाले, त्यामुळे तिथल्या गावाचं जुनं बाड मूळ तालुक्यात राहिलेलं असू शकतं. ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर मिळालं की ‘मग कोणत्या तालुक्यातून गाव आमच्याकडे आलं?’ हे विचाराच.

फेरी मारण्याआधी ‘आपले अभिलेख’ हे महाभूमीचं, म्हणजे राज्याच्या भूमी अभिलेख खात्याचं, संकेतस्थळ उघडून बघा. स्कॅन केलेले जुने सातबारे, फेरफार तिथे गावनिहाय शोधता येतात आणि नाशिक जिल्ह्याचा त्यात समावेश आहे. दस्तांचं म्हणाल तर नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधात मुंबईबाहेरचे साधारण २००२ नंतरचेच मिळतात. त्याआधीचं सूची क्रमांक २, म्हणजे मिळकतीनुसार लावलेली दस्तांची यादी, चाळून काढावं लागतं. नोंदणी कायद्यातल्या आपल्या राज्याच्या दुरुस्तीत दस्ताची प्रत फोटोनं ठेवायची सोय फार पूर्वीच झालेली आहे, आणि पुण्याच्या शासकीय फोटो नोंदणी कार्यालयाचं नाव जुन्या दस्तांच्या शोधात कधी ना कधी कानावर पडतंच. दस्त फोटोनं प्रत ठेवण्याच्या काळातला असेल आणि दुय्यम निबंधकाकडे प्रत दिसत नसेल, तर फोटोप्रत कुठे आहे असं लेखी विचारा.

कोण मागू शकतं? जमिनीचे अभिलेख आणि नकाशे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२७ प्रमाणे पाहायला खुले आहेत. फी भरून नक्कल कुणालाही मिळते, तुम्ही वारस असलाच पाहिजे असं नाही. दस्तनोंदणीत मात्र फरक आहे. स्थावर मिळकतीचं पुस्तक क्रमांक १ सर्वांना खुलं असतं. मृत्युपत्रांच्या पुस्तक ३ मधली प्रत, लिहिणारा हयात असेपर्यंत, त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच मिळते. तो वारल्यावर इतरांनाही. इतर किरकोळ दस्तांच्या पुस्तक ४ मधली प्रत दस्त करणाऱ्याला आणि त्यावर हक्क सांगणाऱ्याला. मृत्यूची नोंद कुणालाही शोधता येते, पण उताऱ्यात मृत्यूचं कारण देत नाहीत. माहिती अधिकारात अर्ज करायला भारतीय नागरिक असणं एवढीच अट.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. अर्ज, ओळखपत्राची प्रत, आजचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि ठरलेल्या रकमेचं कोर्ट फी तिकीट. (ती तिकिटं छापण्याचं काम आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चालतं, पण सुट्ट्या तिकिटासाठी नाशिककरालाही रांगच लावावी लागते.) पूर्वजाची नोंद असेल तर वंशावळ जोडा. जातीच्या दाखल्यासाठी ती शपथपत्रावर लागते. दुसऱ्याला पाठवत असाल तर अधिकारपत्र, वकिलांना वकालतनामा. शोध फी आणि नक्कल फीचे दर कार्यालयातल्या फलकावर असतात, ते तिथेच वाचा. एजंटाच्या तोंडून ऐकू नका.

खरं काम अर्जातल्या चार ओळींचं आहे. नोंदीचा पत्ता जितका नेमका, तितकी ती सापडण्याची शक्यता जास्त. मी स्वतः इथे ठेच खाल्ली आहे. आजोबांच्या नावाचा १९५० च्या सुमाराचा फेरफार हवा होता. मी सातबाऱ्यावरचा गट नंबर घालून अर्ज दिला आणि दीड महिन्यानं उत्तर आलं, ‘नोंद आढळून येत नाही.’ ते खरंच होतं. त्या काळी गावात गट नंबर नव्हतेच, सर्व्हे नंबर होते. गट आले एकत्रीकरणानंतर. भूमी अभिलेखमधून एकत्रीकरणाचा उतारा काढला, जुना सर्व्हे नंबर मिळवला, त्याच काउंटरवर दुसरा अर्ज दिला आणि आठ दिवसांत नक्कल हातात आली. पहिल्या अर्जाच्या वेळी कुणी तरी तेवढं सांगायला हवं होतं, पण मीही विचारलं नव्हतं.

तेव्हा मजकूर साधारण असा ठेवा: ‘मौजे अमुक, तालुका तमुक येथील जुना सर्व्हे नंबर (आताचा गट नंबर) याबाबत अमुक साल ते तमुक साल या काळातील फेरफार नोंदींच्या प्रमाणित नकला मिळाव्यात. मूळ रजिस्टर जीर्ण अथवा हाताळण्यायोग्य नसल्यास त्याच नोंदीची मायक्रोफिल्म, स्कॅन किंवा इतर माध्यमातील प्रत प्रमाणित करून मिळावी. तशी प्रतही नसल्यास तसे लेखी कळवावे.’ फिल्मचा रीळ क्रमांक आणि चौकटीचा, म्हणजे रिळावरच्या त्या एका फोटोचा, क्रमांक माहीत असेल तर सोन्याहून पिवळं. सूची नसलेलं रीळ म्हणजे नाव न घातलेलं बाड, अडीच हजार चौकटी कुणीही तुमच्यासाठी फिरवत बसणार नाही.

जातपडताळणीसाठी शोधत असाल तर साल नीट बघा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा हवा असतो. कोतवाल बुकांना सध्या भाव आला आहे तो यामुळेच. मोडीतली नोंद निघाली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. मोडीच्या परीक्षा पुराभिलेख संचालनालय घेतं, तेव्हा वाचणारा त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला आहे का ते बघा.

नक्कल नाकारली, किंवा उत्तरच आलं नाही, तर माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्रात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून किंवा ऑनलाइन अर्ज करता येतो. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. कारण सांगायची गरज नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवं आणि प्रत पानाला दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. प्रथम अपील तीस दिवसांत, वीस रुपये तिकिटावर. दुसरं नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. या अर्जात नोंदीची प्रत मागण्यापेक्षा तिच्या बाडाबद्दल विचारा: अमुक बाडाचं वर्गीकरण काय आहे आणि ते नष्ट केलं असेल तर नष्ट केल्याच्या यादीची प्रत द्या. सरकारी दफ्तरात ‘अ’ वर्ग कायमचा असतो, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्षाचा. कायम ठेवायची नोंद ‘सापडत नाही’ म्हणून विषय मिटत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात कसून शोध आणि गरज पडल्यास चौकशीची अपेक्षा स्पष्ट केली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये अभिलेख बेकायदा नष्ट करण्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हे अर्जात धमकीच्या सुरात लिहू नका, नुसता उल्लेख पुरतो.

कोर्टात लावायचं असेल तर मात्र माहिती अधिकाराची प्रत घेऊन थांबू नका, रीतसर प्रमाणित नक्कल घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ प्रमाणे तिच्या तळाशी ‘खरी नक्कल’ असल्याचा दाखला, तारीख, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा, सही आणि जिथे शिक्का वापरतात तिथे शिक्का असावा लागतो. फिल्मवरून काढलेल्या प्रतीवर ती फिल्मवरून घेतल्याचं आणि रीळ-चौकट क्रमांक लिहायला सांगा, पुढे कुणी मूळ मागितलं तर तेच कामी येतं. मागच्या बाजूच्या शिक्क्यात अर्ज आल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तीन तारखा असतात. अपिलाची मुदत मोजताना वकील पहिल्यांदा तिथे बघतात. त्या भरलेल्या आहेत ना हे काउंटर सोडण्याआधी पाहा, आणि सर्व्हे नंबरातला प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचून ताडून घ्या.