मांस धुराने शिजत नाही

हरणाच्या खांद्याचा तुकडा स्मोकरमध्ये, म्हणजे लाकडाच्या धुरात मंद आचेवर मांस शिजवायच्या बंद भट्टीत, ठेवून चार-पाच तास झाले आहेत. मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा आकडा ६७ अंश सेल्सिअसपर्यंत सुरळीत चढला आणि तिथेच अडून बसला. आतली हवा ११० अंशांवर आहे, निखारे फुललेले आहेत, तरी तासभर आकडा हलायचं नाव घेत नाही. नवखा माणूस इथे घाबरतो आणि जाळ वाढवतो.

खरं तर मांसाला घाम सुटलेला असतो. आतलं पाणी पृष्ठभागावर येतं, वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. जेवढी ऊब बाहेरून मिळते, जवळजवळ तेवढी सगळी या वाफेपायी खर्ची पडते. जाळ वाढवला तर वरचा थर करपायचीच भीती जास्त. त्यापेक्षा तुकडा जाड कागदात किंवा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळला, की वाफ कोंडते आणि आकडा पुन्हा चढू लागतो.

पण एवढी वाट पाहायचीच कशाला? रानातलं जनावर आयुष्यभर धावतं, चढतं, उड्या मारतं. राबणाऱ्या स्नायूंमध्ये कोलॅजेन या चिवट प्रथिनाचं जाळं दाट असतं आणि वय वाढेल तसे त्याचे दुवे पक्के होत जातात. खांदा वातड लागतो तो यामुळे. ७० अंशांच्या पुढे, ओलाव्यात, काही तासांनी हे जाळं विरघळतं आणि त्याचं मऊ, बुळबुळीत जिलेटिन होतं. खरी अडचण पुढेच आहे. त्याच उष्णतेने स्नायूंचे धागे आक्रसतात आणि ६५-७० अंशांपर्यंत त्यांच्यातलं बरंचसं पाणी पिळून निघतं. पाळीव जनावराच्या मांसात धाग्यांमधली चरबी वितळून हा कोरडेपणा झाकते. रानच्या मांसात ती जवळपास नसतेच.

म्हणूनच एकाच हरणाचे दोन तुकडे एकाच पद्धतीने करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. खांद्यात विरघळण्यासारखं भरपूर कोलॅजेन आहे, त्याला वेळ द्यावा. पाठीच्या कण्यालगतच्या मऊ तुकड्यात ते फारच कमी. त्याला तासन् तास ठेवलं तर मऊ काही होत नाही, फक्त वाळतं. तो ठरलेलं तापमान (आकडा पुढे येतोच) गाठताच बाहेर काढावा. आदल्या रात्री पाच-सहा टक्के मिठाच्या पाण्यात मुरवला तर आणखी चांगलं, कारण मिठाने प्रथिनांची वीण सैल होते आणि ती पाणी धरून ठेवतात. हरणाची वरची चरबी मात्र काढून टाकावी. ती थोडं गार होताच मेणासारखी टाळूला चिकटते.

आता धुराकडे वळू. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन तापून फुटलं की ग्वायकोल आणि सिरिंगोल ही वासाची रसायनं तयार होतात. धुरकट चव आणि वास मुख्यतः त्यांचा. लाकडाच्या तंतूंमधल्या सेल्युलोजपासून निघणारे पदार्थ मांसाला तांबूस-तपकिरी रंग देतात. लाकडाला पुरेशी हवा मिळाली तर पातळ, निळसर धूर येतो. कोंडलेल्या आगीचा दाट पांढरा धूर मांसावर कडवट थर चढवतो. धूर कसाही असो, त्याची चव वरच्या काही मिलिमीटरपलीकडे फारशी जात नाही. आतलं मांस शिजतं ते निव्वळ उष्णतेवर.

रानडुक्कर किंवा अस्वलाच्या मांसाच्या बाबतीत हे विसरणं धोक्याचं आहे. त्यांच्या स्नायूंमध्ये ट्रायकिनेला नावाच्या सूक्ष्म कृमीच्या अळ्या असू शकतात. धुरी, मीठ, वाळवण यांनी त्या हमखास मरत नाहीत, आणि थंड प्रदेशातल्या काही जाती तर गोठवूनही तग धरतात. शिकारीचं मांस आतून किमान ७१ अंशांपर्यंत तापवावं, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. रानबदकासारख्या पक्ष्यांसाठी हा आकडा ७४ आहे.

रंगावर मात्र अजिबात विसंबू नये. धुरातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाला चिकटतात आणि कडेला गुलाबी कडं उमटतं, ते पूर्ण शिजल्यावरही तसंच राहतं. उलट मधला भाग करडा दिसला म्हणून तो पुरेसा तापला असेलच असंही नाही. थर्मामीटरची सुई सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावी आणि दोन-तीन जागी तपासून पाहावं.