स्वस्तातले वायफाय कॅमेरे आणि घरचं रेकॉर्डिंग : कॅमेरा घेण्याआधी वाचा

नमस्कार मंडळी,

घरच्या कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर बसवून घ्यायला जे कोणी आमच्याकडे येतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, साधा स्वस्तातला वायफाय कॅमेरा चालेल ना? चालतो, आणि नीट लावला तर चांगला चालतो, आमच्या स्वतःच्या ऑफिसात तसेच लावलेत. पण बॉक्सवर मोठ्या अक्षरात मेगापिक्सल लिहिलेले असतात त्यावर जाऊ नका, आधी एवढंच बघा की तो कॅमेरा त्याचं चित्र दुसऱ्या सॉफ्टवेअरला देतो का.

बरेच स्वस्त कॅमेरे फक्त स्वतःच्या ॲपशीच बोलतात. रेकॉर्डिंग जातं कंपनीच्या सर्व्हरवर आणि तिथून तुमच्या मोबाईलवर, मग उद्या ते ॲप बंद पडलं किंवा कंपनीने दर महिन्याला पैसे मागायला सुरुवात केली तर तुमच्या हातात काही राहत नाही. आपल्याला हवा तो घरच्या नेटवर्कवर आरटीएसपी स्ट्रीम (म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरला सतत चित्र पाठवायची ठरलेली पद्धत) देणारा कॅमेरा. ती असली की ब्लू आयरिस, झोनमाइंडर, फ्रिगेट, एजंट डीव्हीआर यातलं कुठलंही सॉफ्टवेअर चित्र उचलतं. बॉक्सवर ऑनव्हिफ असाही एक शब्द दिसेल, वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांना कळावेत म्हणून ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ साली ते काम सुरू केलं. ऑनव्हिफ असेल तर सॉफ्टवेअर बहुतेक वेळा कॅमेरा आपणहून शोधतं, तुम्हाला पत्ता टाईप करत बसायला लागत नाही. कधीकधी ही सोय असते पण लपलेली असते. उदाहरणार्थ टापो या ब्रँडच्या प्लगवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत ॲपच्या सेटिंगमधे जाऊन 'कॅमेरा अकाउंट' म्हणून वेगळं युजरनेम पासवर्ड बनवावं लागतं, ते केलं नाही तर सॉफ्टवेअर काही केल्या जोडलं जात नाही आणि लोकांना वाटतं कॅमेराच खराब निघाला.

बॅटरीवरचे कॅमेरे या कामासाठी शक्यतो घेऊच नका. बॅटरी वाचवायला ते झोपलेले असतात, हालचाल झाली की जागे होतात, सतत स्ट्रीम द्यायची त्यांच्याकडून अपेक्षाच नाही.

आता वायफाय. आमच्याकडच्या सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच. स्वस्त कॅमेरे बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, हा बँड भिंतीतून बरा जातो पण शेजारीपाजारी सगळ्यांची गर्दी त्याच्यावरच असते, त्यामुळे राऊटरमधे चॅनल १, ६ किंवा ११ यातला जो मोकळा असेल तो घ्या. भिंतीत भोक पाडायच्या आधी जिथे कॅमेरा लावायचाय तिथेच मोबाईल धरून सिग्नल बघा आणि दार लावून बघा, दार उघडं ठेवून सगळंच छान दिसतं. वायफाय मोजणाऱ्या ॲपमधे उणे ६५ च्या आसपास आकडा असेल तर निर्धास्त लावा, उणे ७५ च्या खाली (म्हणजे उणे ८० वगैरे) गेला तर जागा बदला किंवा मधे ॲक्सेस पॉइंट (राऊटरला जोडलेला वायफायचा जादा डबा) टाका. कारण वायफायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, लांबचा कमजोर कॅमेरा तेवढाच डेटा पाठवायला जास्त वेळ घेतो आणि तेवढा वेळ बाकीचे थांबून राहतात, म्हणजे एक कॅमेरा चुकीच्या जागी लागला की चांगले तीन पण अडकायला लागतात. आणि रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर मात्र केबलनेच राऊटरला जोडा, त्याला वायफायवर ठेवलं तर प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जातं.

चित्राचा खालचा अर्धा भाग राखाडी होतो किंवा माणूस चालताना मागे रंग ओघळल्यासारखे दिसतात, तर सॉफ्टवेअरमधे त्या कॅमेऱ्याची स्ट्रीम यूडीपी ऐवजी टीसीपीवर करा. या नेटवर्कवर डेटा पाठवायच्या दोन पद्धती, यूडीपीत हरवलेला डेटा परत मागितला जात नाही, टीसीपीत मागितला जातो.

एक प्रसंग सांगतो, कारण अशी अडचण कुणालाही येऊ शकते. एका ग्राहकाचा गेटवरचा कॅमेरा रोज संध्याकाळी अंधार पडला की बंद चालू व्हायचा, दिवसभर एकदम व्यवस्थित. आम्ही चॅनल बदलला, राऊटर बदलला, शेवटी कॅमेरा पण बदलला, नवा पण तेच. मग नजर गेली वायरीकडे. अडॅप्टर घरात होता आणि तिथून गेटपर्यंत ५ व्होल्टची बारीक यूएसबी वायर जोडून जोडून नेलेली. लांब बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, दिवसा तेवढ्यात भागायचं पण रात्री इन्फ्रारेडचे एलईडी लागले की कॅमेरा जास्त करंट ओढणार आणि व्होल्टेज अजून खाली येऊन कॅमेरा रिस्टार्ट होणार. विजेचा पॉइंट गेटजवळ आणून छोटी वायर लावली, तेव्हापासून तक्रार नाही. म्हणून अंधारात रिस्टार्ट होणारा कॅमेरा दिसला की आम्ही आता आधी वायर हातात धरतो.

साठवण किती लागेल त्याचा हिशेब सोपा आहे. १०८० पिक्सलच्या कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर चोवीस तासांचे साधारण २१.६ जीबी होतात. असे चार कॅमेरे सतत रेकॉर्ड केले तर १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते, मग सॉफ्टवेअर जुनं पुसून नवं लिहायला लागतं. एच.२६५ ने (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) जागा वाचते पण जुन्या कॉम्प्युटरला ते उलगडायला जड जातं. प्रोसेसरवरचा भार कमी करायचा खरा उपाय म्हणजे सबस्ट्रीम, कॅमेरा दोन चित्रं देतो एक मोठं एक छोटं, हालचाल ओळखायला छोटं वापरा आणि डिस्कवर मोठं लिहा. चार कॅमेऱ्यांनी धापा टाकणारा कॉम्प्युटर एवढ्या एका बदलाने शांत झालेला आम्ही पाहिलाय.

लावताना फार उंच लावू नका. छताच्या कोपऱ्यातून सगळं अंगण दिसतं खरं पण माणसाच्या डोक्याचा वरचा भागच मिळतो, चेहरा मिळत नाही. काचेच्या आतून रात्री काही दिसणार नाही, इन्फ्रारेड काचेवरून परत लेन्सवर येतो आणि चित्र पांढरं होतं. कोळ्यांना पण कॅमेऱ्याजवळची उबदार जागा आवडते, लेन्ससमोर एक जाळं हललं की रात्रभर अलर्ट, त्यामुळे अधूनमधून फडकं मारत चला. आणि शेजाऱ्यांची खिडकी चित्रात येत असेल तर कॅमेरा फिरवा किंवा तेवढा भाग सॉफ्टवेअरमधे झाकून टाका, प्लीज.

पासवर्डबद्दल आम्ही हट्टी आहोत. २०१६ मधे मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचेच पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकडून वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला करवला, त्या दिवशी ट्विटरसारख्या मोठ्या साइट्स बऱ्याच लोकांना उघडत नव्हत्या. तेव्हा पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, राऊटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपणहून बाहेरची वाट उघडू देणारी सोय) बंद करा, आणि बाहेरून बघायचं असेल तर राऊटरमधे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट, उघडू नका, वायरगार्डसारखं व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त रस्ता) लावा, आम्ही लावून देतो. कॅमेऱ्याचं इंटरनेट पूर्ण तोडलंत तर बहुतेकदा कंपनीचं ॲप चालणार नाही आणि त्याचं घड्याळ हळूहळू चुकायला लागतं, म्हणून घरच्याच कॉम्प्युटरवरून त्याला वेळ द्यायची सोय करावी लागते.

कॅमेऱ्यात मेमरी कार्ड पण टाकून ठेवा, वायफाय गेलं तरी त्यावर लिहिणं चालू राहतं. लाईट गेली तर राऊटर, कॉम्प्युटर आणि कॅमेरा तिन्ही यूपीएसवर हवेत, दोन असून भागत नाही.

आम्हाला फोन कराल तेव्हा कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर, राऊटरचा पासवर्ड आणि कॅमेरा लावायच्या जागेवरचा तो सिग्नलचा आकडा जवळ ठेवा, निम्मं काम फोनवरच होतं.