माओरी समाजातील विषमता: जमीन, करार आणि उपायांच्या वादाची पार्श्वभूमी

न्यूझीलंडच्या २०२३ च्या जनगणनेत स्वतःला माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणवणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १७.८ टक्के होते; त्या देशाच्या तुरुंगांतील कैद्यांमध्ये मात्र निम्म्याहून अधिक माओरी आहेत. २०१७ ते २०१९ या काळाच्या अधिकृत तक्त्यांनुसार माओरी पुरुषाचे अपेक्षित आयुर्मान ७३.४ वर्षे आणि माओरीतर पुरुषाचे ८०.९ वर्षे होते, म्हणजे दोघांत साडेसात वर्षांचे अंतर होते. स्त्रियांमधील तफावतही सात वर्षांहून अधिक होती. स्वतःचे घर, शिक्षण, रोजगार यांतही माओरी मागेच दिसतात. या आकड्यांविषयी फारसे दुमत नाही. दुमत आहे ते हे अंतर कशामुळे पडले आणि ते भरून काढण्यासाठी सरकारने काय करावे, याविषयी.

एका पक्षाचे म्हणणे असे की इतिहास घडून गेला, आता गरजू माणसाला तो कोणत्या वंशाचा आहे हे न विचारता मदत द्यावी आणि कायदा सर्वांना एकच असावा. दुसऱ्या पक्षाच्या मते ही विषमता आपोआप उद्भवलेली नसून सरकारी कायद्यांनी पायरीपायरीने घडवलेली आहे, आणि माओरींच्या हाती निर्णयाचा अधिकार परत दिल्याशिवाय ती मिटणार नाही. मराठी वाचकाला यात आपल्याकडील आरक्षणाच्या चर्चेचे पडसाद ऐकू येतील. पण तिकडच्या वादाचा पाया निराळा आहे. तिथे सामाजिक मागासलेपणाच्या आधी एक लेखी करार येतो, आणि दोन्ही पक्ष त्याच कराराची कलमे पुढे करतात.

हा करार ६ फेब्रुवारी १८४० रोजी वैतांगी येथे झाला. ब्रिटिश राणीच्या वतीने विल्यम हॉब्सन याने त्यावर सही केली. मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्याच्या मुलाने घाईघाईने माओरी मसुदा तयार केला होता. पुढील काही महिन्यांत पाचशेहून अधिक सरदारांनी सह्या किंवा खुणा केल्या आणि त्यांतील बहुतेकांनी माओरी मसुद्यावरच केल्या. इंग्रजी मसुद्यानुसार सरदारांनी संपूर्ण सार्वभौमत्व राणीच्या स्वाधीन केले. माओरी मसुद्यात त्यांनी केवळ राज्यकारभाराचा अधिकार दिला, आणि आपल्या जमिनी, गावे व मौल्यवान ठेव्यांवरील सरदारकी स्वतःकडे राखली. हा दुसऱ्या कलमाचा विषय झाला. तिसऱ्या कलमात माओरींना ब्रिटिश प्रजेचे सर्व हक्क देण्याचे वचन होते. आज ‘सर्वांना एकच कायदा’ म्हणणारे या तिसऱ्या कलमावर बोट ठेवतात. पुढच्या सव्वाशे वर्षांत ते कलमही पाळले गेले नाही, ही गोष्ट या वादात फार कमी वेळा बोलली जाते, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

१८४० मध्ये त्या बेटांवर माओरींची संख्या सत्तर ते नव्वद हजार आणि युरोपीयांची सुमारे दोन हजार होती. १८५० च्या दशकात वाइकाटो खोऱ्यातले माओरी गहू पिकवत होते, स्वतःच्या पाणचक्क्यांवर पीठ दळत होते आणि ऑकलंड शहराला धान्य पुरवत होते. बाजाराशी व्यवहार करण्याची क्षमता या समाजात नव्हती असे ज्यांना वाटते, त्यांनी हे दशक पाहावे. दक्षिण बेटावर मात्र खरेदीच्या नावाखाली वेगळीच प्रक्रिया चालू होती. १८४८ मध्ये नाय ताहू या ईवीकडून, म्हणजे वंशसमूहाकडून, सुमारे दोन कोटी एकर प्रदेश अवघ्या दोन हजार पौंडांना घेण्यात आला. त्यांच्या उदरनिर्वाहासाठी पुरेशी जमीन राखून ठेवण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात वाट्याला सुमारे ६,४०० एकर आले. वर्षभरातच त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या आणि निवाडा व्हायला जवळजवळ दीडशे वर्षे गेली.

१८५८ च्या सुमारास वसाहतवाल्यांची संख्या माओरींपेक्षा वाढली आणि उत्तर बेटावरील सुपीक जमिनीची मागणी तीव्र झाली. जुलै १८६३ मध्ये गव्हर्नर जॉर्ज ग्रे याच्या आदेशाने फौजा वाइकाटोत शिरल्या. त्याच वर्षी संसदेने ‘बंडखोर’ टोळ्यांच्या जमिनी जप्त करण्याचा कायदा केला. एकट्या वाइकाटोत सुमारे बारा लाख एकर जमीन गेली, आणि ज्यांनी शस्त्र उचलले नव्हते अशांचीही त्यात गेली. ऑकलंडच्या दक्षिणेला, या युद्धाच्या सीमेवर, आजही बॉम्बे नावाचे गाव आहे. त्याच दशकात ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजातून आलेल्या वसाहतवाल्यांवरून ते नाव पडले. तारानाकी भागात जप्त जमिनीच्या मोजणीला ‘ते व्हिती’ आणि ‘तोहू’ या नेत्यांच्या नेतृत्वाखाली पारिहाका गावाने निःशस्त्र विरोध केला. माणसे मोजणीच्या खुंट्या उपटत आणि जप्त जमिनी नांगरत. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे सोळाशे सशस्त्र माणसे गावात घुसली, तेव्हा वाटेत मुले गाणी म्हणत बसली होती. दोन्ही नेत्यांना खटला न चालवता कैदेत ठेवण्यात आले आणि गावाची मोडतोड झाली.

युद्धाची आठवण ठसठशीत राहते, पण जमिनीची खरी झीज न्यायालयात झाली, आणि तिचे स्वरूप नीट समजून घेण्यासारखे आहे. १८६५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नेटिव्ह लँड कोर्टाचे काम सामूहिक मालकीचे रूपांतर लेखी, विकता येण्याजोग्या हक्कात करणे हे होते. समूहातील कोणीही एकट्याने अर्ज केला की सुनावणी लागे, आणि मग सगळ्यांनाच हजर राहावे लागे, कारण गैरहजर राहणाऱ्याचा दावा बुडत असे. सुनावणी अनेकदा दूरच्या शहरात होई. सबंध कुटुंबे आठवडेच्या आठवडे तिथे मुक्काम करत, दुकानदाराकडून उधारीवर धान्य घेत, मोजणीदार आणि वकील यांचे पैसे अंगावर चढवून घेत, आणि निकाल बाजूने लागला तरी कर्ज फेडण्यासाठी त्याच जमिनीचा तुकडा विकावा लागे. हक्कपत्रावर बहुधा दहाच जणांची नावे चढत. कायद्याच्या दृष्टीने ते दहा जण विश्वस्त न राहता पूर्ण मालक ठरत आणि उरलेल्या शेकडो लोकांचा हक्क कागदावरून नाहीसा होई. १८७३ मध्ये पद्धत बदलून सर्वांची नावे नोंदवायचे ठरले, पण त्यामुळे दलालांना एकेक वाटा वेगवेगळा विकत घेणे सोपे गेले. वारसांची नावे पिढ्यानपिढ्या चढत गेली आणि पन्नास नावांच्या सातबाऱ्याची जी गत आपल्याकडे होते, तीच त्या जमिनींची झाली: कोणी नीट कसू शकत नाही आणि बँक त्यावर कर्ज देत नाही. १८९० च्या सुमारास उत्तर बेटाचा साधारण ४० टक्के भाग माओरींकडे उरला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला तो दहा टक्क्यांच्याही खाली आला. दाद मागायला वरचे दारही बंद झाले होते, कारण १८७७ मध्ये मुख्य न्यायमूर्ती जेम्स प्रेंडरगास्ट यांनी वैतांगीचा करार कायद्याच्या दृष्टीने निरर्थक असल्याचा निर्वाळा दिला होता.

१८९६ च्या जनगणनेत माओरी लोकसंख्या सुमारे ४२ हजारांवर आली आणि हा समाज संपणार असे उघडपणे लिहिले जाऊ लागले. तो संपला नाही, याचे पुष्कळसे श्रेय माउई पोमारे आणि ‘ते रांगी हिरोआ’ यांच्यासारख्या माओरी डॉक्टरांना आणि अपिराना न्गाता यांच्यासारख्या नेत्याला आहे. तरीही १९१८ च्या इन्फ्लुएन्झात माओरींचा मृत्युदर इतरांच्या कित्येक पट होता. शाळांत मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. वृद्धांचे निवृत्तिवेतन माओरींना अनेकदा कमी दिले जाई. ऑकलंडजवळच्या पुकेकोहे या भाजीपाल्याच्या गावात तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माओरी मजूर मळ्यांच्या कडेला झोपड्यांत राहत, चित्रपटगृहात त्यांना वेगळे बसवले जाई, काही न्हावी त्यांचे केस कापायला नकार देत, आणि १९५२ मध्ये त्यांच्या मुलांसाठी निराळी शाळा उघडण्यात आली. १९५९ मध्ये शेजारच्या पापाकुरा येथे डॉ. हेन्री बेनेट या माओरी मनोविकारतज्ज्ञाला हॉटेलात पेय नाकारण्यात आले, तेव्हा कुठे देशभर खळबळ उडाली. सर्वांना समान हक्क देणारे तिसरे कलम तेव्हाही अस्तित्वात होतेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर माओरींचे शहरांकडे झपाट्याने स्थलांतर झाले. १९४५ मध्ये साधारण चतुर्थांश माओरी शहरांत होते, १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेले. सरकारी अधिकारी जॅक हन यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने पहिल्यांदाच माओरींच्या पिछाडीची पद्धतशीर आकडेवारी मांडली. उपाय म्हणून मात्र त्याने मुख्य समाजात मिसळून जाणे सुचवले, आणि माओरी कुटुंबांना गोऱ्या वस्त्यांत विखरून घरे देण्याचे धोरण चालू राहिले. नातलगांचा आधार त्यामुळे तुटला. याच काळात हजारो माओरी मुलांना सरकारी सुधारगृहांत ठेवले गेले. तिथल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अंतिम अहवाल २०२४ मध्ये आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पंतप्रधान ख्रिस्तोफर लक्सन यांनी संसदेत माफी मागितली. त्या संस्थांतून निघालेली वाट पुढे टोळ्या आणि तुरुंगाकडे कशी गेली, हे या अहवालातून दिसते. सुरुवातीला दिलेला कैद्यांचा आकडा त्याच्याशी जोडूनच वाचायला हवा.

शहरातील माओरींना काम मिळाले ते कारखाने, मांसप्रक्रिया, रेल्वे, वनखाते अशा ठिकाणी. १९८४ नंतर सरकारने अर्थव्यवस्था खुली केली आणि सरकारी उद्योगांत मोठी कपात केली, तेव्हा सर्वांत आधी याच नोकऱ्या गेल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला माओरी बेरोजगारी साधारण २५ टक्क्यांपर्यंत चढली. हे धोरण कोणत्याही वंशाला उद्देशून आखलेले नव्हते. तरी त्याचा घाव जिथे बसला ते पाहिले, की वंशनिरपेक्ष धोरणाचे परिणामही वंशनिरपेक्ष असतील हे गृहीत धरता येत नाही.

प्रतिकाराची नवी लाट १९७० च्या दशकातली. १९७२ मध्ये माओरी भाषेसाठी तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला. १९७५ मध्ये ७९ वर्षांच्या व्हिना कूपर यांनी उत्तर टोकापासून वेलिंग्टनपर्यंत सुमारे हजार किलोमीटरचा जमीन मोर्चा नेला. त्याच वर्षी वैतांगी ट्रिब्युनल, म्हणजे करारभंगाच्या तक्रारी तपासणारे न्यायाधिकरण, स्थापन झाले; १९८५ मध्ये त्याला १८४० पासूनच्या तक्रारी तपासण्याचा अधिकार मिळाला आणि साक्षीपुराव्यांनी देशाचा इतिहास नव्याने लिहिला जाऊ लागला. भरपाईचे करार झाले: १९९५ मध्ये वाइकाटो-ताइनुई आणि त्यानंतर नाय ताहू, प्रत्येकी १७ कोटी न्यूझीलंड डॉलर. रक्कम मोठी वाटते, पण गेलेल्या मालमत्तेच्या किमतीपुढे ती फारच थोडी आहे. या तोडग्याची एक खरी मर्यादा टीकाकारांनी नेमकी पकडली आहे. पैसा ईवींच्या संस्थांकडे जातो. त्यांनी तो सचोटीने वाढवला असला, तरी ज्यांचा ईवीशी संबंध शहरात येऊन दोन पिढ्यांपूर्वीच सुटला, त्या भाडेकरू कुटुंबापर्यंत त्याचा लाभ क्वचित पोहोचतो. भरपाईने अन्यायाची कबुली मिळते. विषमता हटवण्याचे काम त्याहून निराळे आहे, आणि ही दोन कामे एक मानल्यामुळे दोन्ही पक्षांची गफलत होते.

२००० साली हेलन क्लार्क यांच्या सरकारने ही दरी बुजवण्याचा खास कार्यक्रम जाहीर केला. जानेवारी २००४ मध्ये विरोधी पक्षनेते डॉन ब्रॅश यांनी ओरेवा येथील भाषणात वंशावर आधारित विशेष वागणुकीवर हल्ला चढवला, त्यांच्या पक्षाची लोकप्रियता जनमत चाचण्यांत एकदम उसळली आणि सरकारनेही आपली भाषा बदलली. तेव्हापासून धोरण लंबकासारखे हलते आहे. २०१० मध्ये कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवणारी ‘व्हानाऊ ओरा’ योजना आली, जुलै २०२२ मध्ये स्वतंत्र माओरी आरोग्य प्राधिकरण आले, आणि २०२३ च्या सत्तांतरानंतर जून २०२४ अखेर ते बरखास्त झाले. ते यशस्वी ठरले असते की नाही, हे ठरवण्याइतका वेळच त्याला मिळाला नाही.

‘गरज की वंश’ हा वाद प्रत्यक्षात कसा दिसतो, ते आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीत पाहता येते. ही मोफत तपासणी साठाव्या वर्षापासून होती. माओरींमध्ये या कर्करोगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण साठीच्या आधीच आढळतात; इतरांत ते प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे. म्हणून माओरी व पॅसिफिक वंशाच्या लोकांसाठी वय पन्नासवर आणण्याची योजना होती. २०२५ मध्ये सरकारने ती सोडून सर्वांसाठी ५८ वर्षे ही मर्यादा जाहीर केली. वय सर्वांना सारखे झाले. आजार मात्र सर्वांना सारख्या वयात गाठत नाही. इथे वंश हाच गरजेचा निदर्शक होता, आणि तो बाजूला ठेवल्याने गरजेचाच हिशेब चुकला.

वैतांगी कराराची तत्त्वे संसदेने नव्याने ठरवावीत असे सांगणारे विधेयक डेव्हिड सीमोर यांच्या पक्षाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडले. त्याविरुद्धच्या मोर्चाच्या अखेरीस संसदेबाहेर पोलिसांच्या अंदाजानुसार सुमारे ४२ हजार लोक जमले. संसदीय समितीकडे तीन लाखांहून अधिक निवेदने आली, त्यांतील बहुसंख्य विरोधात होती. १० एप्रिल २०२५ रोजी विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडले. बाजूने पडलेली अकराही मते सीमोर यांच्या पक्षाची होती. सत्तेतील इतर दोन पक्षांनी विधेयक पाडले, पण सार्वजनिक सेवा वंशावर नव्हे तर गरजेवर द्याव्यात हे सरकारचे धोरण त्यांनी कायम ठेवले आहे. संसदेतील मतदानाने कराराच्या शब्दांना तूर्त हात लागला नाही. तपासणीची वयोमर्यादा, सुधारगृहांचा कारभार आणि घरांचा निधी यांविषयीचे निर्णय मात्र मंत्रिमंडळातच होतात.