स्पॅनिशमधील आरोग्यसदिच्छा

आजारी, जखमी किंवा शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला लवकर बरे वाटावे म्हणून स्पॅनिश भाषक जी ठरीव वाक्ये वापरतात, त्यांना आरोग्यसदिच्छा म्हणता येईल. स्पॅनिश सुमारे वीस देशांची राजभाषा असल्यामुळे ही वाक्ये सगळीकडे सारखी नाहीत. मात्र ‘के ते मेहोरेस’ (तुला बरे वाटो) हे वाक्य माद्रिदपासून ब्वेनोस आइरेसपर्यंत कुठेही चालते. त्यातला ‘ह’ घशातून, जवळजवळ ‘ख’सारखा उच्चारतात; कॅरिबियन बेटांवर तो मऊ होतो.

या वाक्याची घडण समजली की बाकीची बहुतेक वाक्ये आपोआप उलगडतात. ‘मेहोरेस’ हे क्रियापदाचे इच्छार्थी रूप आहे. ‘देव तुझे भले करो’मधल्या ‘करो’चे जे काम, तेच त्याचे. त्याआधीचा ‘के’ हा ‘मला वाटते की…’मधला ‘की’ असून ‘मी आशा करतो’ हा भाग बोलताना गळून गेलेला असतो. निरोप घेताना ‘के ते वाया ब्येन’ (तुझे बरे चालो), झोपायला जाणाऱ्याला ‘के देस्कान्सेस’ (तुला विश्रांती मिळो), जेवणाऱ्याला ‘के आप्रोवेचे’ (अंगी लागो) ही सारी वाक्ये याच साच्यातली आहेत. सरळ आज्ञार्थी ‘मेहोराते’ (बरा हो) हेही रूढ आहे आणि त्यात उद्धटपणा मुळीच नाही. अर्जेंटिनात त्याचा आघात ‘हो’वरून ‘रा’वर सरकतो, कारण तिथे ‘तू’साठी ‘तु’ऐवजी ‘वोस’ हे सर्वनाम वापरतात.

शिकणाऱ्याची खरी कसोटी सर्वनामाशी लागते. मित्राला ‘के ते मेहोरेस’, तर वरिष्ठांना, अनोळखी माणसाला किंवा वयस्क शेजाऱ्यांना ‘के से मेहोरे’. अनेकांना उद्देशून स्पेनमध्ये ‘के ओस मेहोरेइस’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत ‘के से मेहोरेन’. आदरार्थी सर्वनामाला तृतीयपुरुषी क्रियापद लागत असल्यामुळे ‘के से मेहोरे’ हे समोर नसलेल्या माणसाबद्दलही चालते: ‘के से मेहोरे तु मामा’ म्हणजे तुझ्या आईला बरे वाटो. आदरार्थी रूप आले की दुरावा आला, असे मात्र समजू नये. कोलंबियाची राजधानी बोगोता आणि आसपासच्या भागात भावंडे आणि जिवलग मित्रही एकमेकांशी आदरार्थी बोलतात. तिथला भाऊ भावाला ‘के से मेहोरे’ म्हणाला, तर ते भांडणाचे लक्षण नव्हे.

प्रदेशागणिक शब्दही बदलतात. मेक्सिकोत ‘के ते आलिविएस’ (तुला आराम पडो) फार ऐकू येते. तिथे त्याच क्रियापदाचा ‘बाळंत होणे’ असाही सौम्य अर्थ आहे, त्यामुळे एखादी बाई ‘आलिविआर’ झाली म्हणजे काय झाले, हे संदर्भावरूनच कळते. स्पेनमध्ये ‘के ते पोंगास ब्वेनो’, बाईला ‘ब्वेना’, म्हणजे ठणठणीत हो, असे घरगुती वाक्य आहे. पण तोच ‘ब्वेना’ ‘एस्तार’ (असणे) या क्रियापदाबरोबर आला, की बोलभाषेत ‘दिसायला मादक’ असा अर्थ होतो. नवशिक्याने हे वाक्य लांबच ठेवलेले बरे. इंग्रजीमार्गे स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी आणखी एक खड्डा म्हणजे ‘कोन्स्तिपादो’. स्पेनमध्ये त्याचा अर्थ बद्धकोष्ठ झालेला असा नसून सर्दी झालेला असा आहे.

कार्डावर, पत्रात किंवा कार्यालयीन संदेशात नामे पुढे येतात: ‘प्रोन्ता रेकुपेरासिओन’ (लवकर आरोग्यलाभ). स्पेनमध्ये यातल्या ‘सि’चा उच्चार ‘थि’कडे झुकतो. राजकारणी आणि संस्था प्रकृतीविषयीच्या जाहीर संदेशात हेच शब्द वापरतात. प्रत्यक्ष भेटीत तेच बोलले तर कोरडे वाटतात.

आजार गंभीर असेल, तर बरे होण्याची भाषा जाणते लोक टाळतात. ज्याच्या बरे होण्याची आशा थोडी, त्याला ‘के ते मेहोरेस’ म्हणणे म्हणजे सर्दीपडशाचे शब्द कर्करोगाला लावणे. तिथे ‘आनिमो’ (धीर धर), ‘मुचा फ्वेर्सा’ (खूप बळ) किंवा ‘आकि एस्तोय पारा लो के नेसेसितेस’ (लागेल त्यासाठी मी इथे आहे) असे म्हणतात.

लहान मुलांसाठी वेगळेच वाङ्मय आहे. मूल पडून गुडघा खरचटला, की आई किंवा आजी त्या जागी गोलगोल हात फिरवत म्हणते: ‘साना, साना, कोलिता दे राना; सि नो सानास ओय, सानारास मान्याना’. अर्थ असा: बरी हो, बरी हो, बेडकाच्या शेपटुली, आज नाही झालीस, तर उद्या होशील. वाढलेल्या बेडकाला शेपूट नसते, पण ‘साना’शी ‘राना’ जुळते, आणि गाण्याला तेवढे पुरते. स्पेनमध्ये शेपटीच्या जागी बेडकाचे ढुंगण येते आणि मुले रडता रडता हसतात. शेवटी जखमेवर फुंकर किंवा पापी ठरलेली.

धार्मिक छटा या सदिच्छांत सहज मिसळते. ‘ओहाला’ (असेच होवो) हा शब्द स्पेनमधील अरबी राजवटीच्या काळात आला. मुळात त्यात अल्लाचे नाव आहे, आज तो कट्टर कॅथलिक आणि नास्तिक दोघेही वापरतात. मेक्सिको व मध्य अमेरिकेत बरे होण्याच्या गोष्टीला ‘प्रिमेरो दिओस’ (देवाची कृपा असेल तर) जोडतात. मेक्सिकोत बरे झाल्यावर नवस फेडण्याची चित्रेही आहेत. पत्र्याच्या छोट्या तुकड्यावर खाटेवरचा रोगी, गुडघे टेकलेला नातलग आणि वर ढगात संत किंवा मारिया. खाली काय झाले, कुठे झाले आणि कोणाचे आभार, हे बहुधा तारखेसह लिहिलेले. शुद्धलेखनाकडे लिहिणाऱ्याचे फारसे लक्ष नसते. चित्रकार फ्रीदा काहलो आणि दिएगो रिवेरा यांनी अशी शेकडो चित्रे जमवली होती. ती मेक्सिको शहरातील त्यांच्या निळ्या घरात, आताच्या संग्रहालयात आहेत. याबरोबर धातूचे चिमुकले हात, पाय, डोळेही देवळात वाहतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे अवयव वाहणाऱ्यांना ही प्रथा परकी वाटणार नाही.

शिंकेनंतरचा उद्गार हा या सदिच्छांचा सर्वांत छोटा प्रकार. लॅटिन अमेरिकेत ‘सालूद’ (आरोग्य), स्पेनमध्ये बहुधा ‘हेसूस’ (येशू). लागोपाठ तीन शिंका आल्या तर अनेक ठिकाणी अनुक्रमे ‘सालूद’, ‘दिनेरो’ (पैसा) आणि ‘आमोर’ (प्रेम) म्हणतात. प्याले भिडवतानाही ‘सालूद’च म्हणतात.